घोळीचा वाफा आणि वहिनीची जीभ

आमच्या दादाने आयुष्यात एकच पीक भरघोस काढलं, आणि तेही तो समूळ नष्ट करायला निघाला होता म्हणून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. धंद्याने चष्मेवाला. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांत दिवा मारतो. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसतो आणि घरी आल्यावर नाकासमोर ठेवलेली किल्ली दिसत नाही. घरामागे आमची टीचभर बाग आहे, तिथे तो टोमॅटो लावतो. टोमॅटो येत नाहीत. येते ती घोळ. जमिनीसरपट पसरणारी, लालसर गुबगुबीत देठांची, जाड चकचकीत पानांची. तुमच्याही कुंडीत आली असेल, फुटपाथच्या फटीतसुद्धा येते, आणि तुम्ही ती उपटून फेकली असेल. तिच्या नावावरून करायचे ते सगळे विनोद दादाने करून संपवलेत, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका.

तर त्या वर्षी दादा खुरपं घेऊन वाफ्यात उतरला. दिसेल ती घोळ त्याने अशी बारीक बारीक तोडली की जणू तिच्याशी जुनं वैर आहे. तुकडे तिथेच टाकले, "सुकून खत होईल," म्हणाला, आणि टोमॅटोंना भरपूर पाणी घालून हात धुतले. आता घोळीचं असं आहे की बोटाच्या पेराएवढा तुकडा ओल्या मातीला टेकला तरी मुळं धरतो. दोनेक आठवड्यांत जिथे दहा झाडं होती तिथे मोजायची सोय उरली नाही. टोमॅटोची रोपं मधे उभी होती, चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यांसारखी.

मी पायरीवर बसून पोट धरून हसले. दादा चिडला. "हसतेस काय? ये, उपट!"

"उपटते की," मी म्हटलं. "पण खायला."

मी बस चालवते. आमच्या डेपोच्या कुंपणाशी ही घोळ उगवते आणि डिझेल भरणारी बाई ती धुऊन मिठाबरोबर खाते, हे मी कधीपासून बघत होते. तिनेच मला सांगितलं होतं की देठ मोडून बघायचं, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिची बहीण शोभेल अशी दुसरीच विषारी बया आहे, ती फेकायची. पाणी आलं तर खुशाल खायची. मी वाफ्यातलं एक देठ मोडलं, पाणी आलं. पानं तोंडात टाकली. कुरकुरीत, किंचित बुळबुळीत आणि छान आंबट. दादाला दिलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मृत्युपत्रासाठी त्याचा काटा काढायला निघालेय.

खरी परीक्षा पुढेच होती. वहिनी.

वहिनीची जीभ म्हणजे साधी गोष्ट नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण तिच्या जिभेला पगार आहे. व्हिनेगर आणि सॉस बनवणाऱ्या कारखान्यात ती चव बघायचं काम करते. पांढऱ्या फरशांची खोली, एका ओळीत छोटे कप, शेजारी थुंकायचं बेसिन, कोमट पाणी, कोरड्या पावाचे तुकडे. हिने मान हलवल्याशिवाय तिथे टाकीचा नळ उघडत नाहीत. कामाच्या दिवशी घरात लसूण नाही, मिरची नाही, तिला अत्तर नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. तिच्यापायी आम्ही सगळे वर्षानुवर्षं पेशंटसारखं जेवतो. मी तिला जीभसाहेब म्हणते, ती मला मुद्दाम जुन्या थाटात वन्सं म्हणते, आणि आमचं चांगलं चाललंय.

तिने घोळीचं एक पान घेतलं, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. आम्ही निकालाची वाट बघत उभे.

"स्वच्छ आंबट आहे," ती म्हणाली. "मागे काही रेंगाळत नाही. रोज आणत जा, वन्सं."

झालं! दादाचा शत्रू घरचा जावई झाला. दादाला टोमॅटो बाजूला घेऊन घोळीला वाफा करून द्यावा लागला, ओळी आखून, खत घालून. जी रोपटी तो जिवावर उठून तोडत होता तीच आता वाळतात की काय म्हणून रोज वाकून बघायचा. तेव्हा माझी दुपारपाळी होती. सकाळी आरामात उठायचं, दव वाळायच्या आत कोवळे शेंडे खुडायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचे. रात्रीच्या जेवणाला वहिनी ते उकडलेल्या बटाट्यात कच्चेच मिसळायची, वर थोडं मीठ आणि तेल. त्या फिक्या घरात तेवढीच एक आंबट गोष्ट. वहिनी म्हणायची, दिवसभर दुसऱ्यांसाठी चाखते, हे एक मी माझ्यासाठी चाखते.

मग माझी पाळी बदलली. सकाळपाळी आली. अंधारात घर सोडायचं, उन्हं कलताना परत यायचं. मी आल्या आल्या बागेत जायची, घोळ खुडायची आणि तशीच ताटात. मला तर वाटलं, हे बरं झालं, आता एकदम ताजी मिळते.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने घास खाल्ला आणि थांबली. "आंबट लागतंय का हो?" तिने दादाला विचारलं.

आता दादाबद्दल एक सांगते. लग्न झाल्यापासून त्याने ताटातल्या गोष्टीबद्दल एकच शब्द उच्चारलाय, तो म्हणजे 'छान'. करपलेलं छान, कच्चं छान. त्याची समजूत अशी की जिची जीभ सगळ्या कारखान्याला घाबरवते तिच्या स्वयंपाकावर बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. तो म्हणाला, "हो तर! छान आंबट आहे."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी संध्याकाळीच तिच्या इस्त्रीच्या साडीवर मी चहा सांडला होता, मला वाद वाढवायचा नव्हता. मी मान डोलावली. "मस्त आंबट." आणि माझी भाची, दादाची पोरगी, जिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो कारण ती मीठ मागितलं तरी युक्तिवाद करते, तिचं लक्ष कधी नव्हे ते जेवणात नव्हतं. तिनेही री ओढली. "हो ना, आंबट आहे की."

खरं सांगायचं तर ते आंबट नव्हतं. मऊ, गोडसर, बरं लागत होतं. पण एवढ्या तेवढ्यावर कोण कोर्टात जातं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिने विचारलं. आम्ही पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूहळू ती गप्प व्हायला लागली. पाण्याचा पेला हातात घेऊन, जीभ गालात फिरवत, कुठेतरी बघत बसायची. मला वाटलं कारखान्यात काही बिनसलं असेल. चौकशी केली तर म्हणाली, काही नाही, दमलेय.

एका संध्याकाळी आम्ही भांडी घासत होतो. ती घासायची, मी पुसायची. नळ बंद करून ती म्हणाली, "वन्सं, माझी जीभ गेली."

"कुठे गेली? मघाशी तर दादाला ओरडत होती."

ती हसली नाही. तेव्हा मी फडकं खाली ठेवलं.

"आंबट कळेनासं झालंय मला," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना घोळ आंबट लागते, मला नाही लागत. मास्तरांचं असंच सुरू झालं होतं. आधी बारीक आंबट गेलं."

मास्तर म्हणजे तिला हे काम शिकवणारे म्हातारे गृहस्थ. त्यांची चव गेली तरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही, अंदाजाने मान हलवत राहिले. शेवटी दुकानांतून माल परत आला आणि मास्तरांना सगळ्यांसमोर चाखायच्या खोलीतून उठवून गेटवर बसवलं. जाता-येता लोक तोंड फिरवायचे. वहिनीने तेव्हाच ठरवलं होतं की आपली जीभ गेली की आपणच आपल्या तोंडाने सांगायचं.

"कामावर कळत नाही का मग?" मी विचारलं. "ते व्हिनेगर तर दगडाला कळेल."

"व्हिनेगर आहे हे कळतं गं. पण थेंबभर कमी की जास्त, ते सांगायचा मला पगार मिळतो. आता प्रत्येक कपाला वाटतं, हे खरं की मला भास होतोय? परवा चांगली टाकी मी परत पाठवली. काल एकाच कपाला तीनदा तोंड लावलं." ती ओल्या हातांकडे बघत होती. "साहेब चांगले आहेत, मला लेबलं चिकटवायला बसवतील. सोमवारी जाऊन सांगते त्यांना. मला भीती वाटते गं, वन्सं. मला दुसरं काहीच येत नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही ओलाच.

मग मी काय करावं? शहाण्या माणसाने जाऊन खरं सांगितलं असतं. पण आमच्या घरात शहाणं माणूस एकच, आणि त्याची जीभ गेली होती. पण ती आमच्या त्या खोट्या 'आंबट'वरच विसंबून बोलतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मी मास्तरांचीच गोष्ट धरून बसले. मी दादाला आणि वकिलीणबाईला बाहेरच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि म्हटलं, वहिनी खचलीय, तिला धीर द्यायला हवा.

"म्हणजे काय करायचं?" दादाने विचारलं.

"तिच्या स्वयंपाकाचं कौतुक वाढवायचं," पोरगी म्हणाली. वकिलांचे सल्ले असे असतात.

त्या रात्री दादाने पहिल्याच घासाला डोळे मिटले. "अहाहा! काय आंबट आहे! दात आंबले माझे!" मी म्हटलं, "आज तर फारच." पोरीने खोटं खोटं तोंडसुद्धा वाकडं केलं. इतकं चांगलं नाटक आम्ही तिघांनी जन्मात केलं नव्हतं. वहिनीने चमचा खाली ठेवला, "मला भूक नाही," म्हणाली आणि उठून गेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दादा हळूच म्हणाला, "कमी पडलं का?"

आला रविवार. नव्या पाळीत माझी सुट्टी आठवड्याच्या मधे कुठेतरी पडायची, आणि तेव्हाही घोळ मी संध्याकाळीच खुडायची. रविवार घरी मिळाला तो खूप दिवसांनी पहिलाच. सवयीने लवकर जाग आली. वहिनी खिडकीशी बसली होती, उद्या साहेबांशी काय बोलायचं ते ओठातल्या ओठात जुळवत. मला ते बघवेना. मी बागेत गेले, सकाळच्या गार हवेत टोपलीभर घोळ खुडली, फडक्यात गुंडाळली. म्हटलं, निदान तिच्या आवडीचं तरी करू. दुपारी बटाटे उकडून सगळं मीच मिसळलं.

वहिनीने पहिला घास घेतला. चावला. तिच्या भुवया वर गेल्या. दुसरा घेतला. मग चमचा ताटावर आपटला, इतक्या जोरात की दादा दचकला.

"काय पिळलंय यात?"

"कुठे काय?" मी म्हटलं.

"मला लहान मूल समजता? माझी कीव करता?" ती उभी राहिली. वहिनी चिडते तेव्हा ओरडत नाही, तिचा आवाज सपाट होतो, आणि ते जास्त वाईट. "आंबट कळत नाही म्हणून आता वरून पिळून घालायला लागलात? लिंबू घातलंत?"

"आईशप्पथ, काही नाही घातलं!"

"लिंबू..." ती म्हणाली आणि थांबली. जीभ टाळूला लावली. पुन्हा एक घास घेतला, उभ्या उभ्याच. "लिंबू नाही. लिंबाला मागे कडवट शेपूट असतं." अजून एक घास. "व्हिनेगर नाही. चिंच तर नाहीच. हे..." तिने ताटातलं नुसतं एक पान उचललं आणि ते चावलं. "हे पानातलं आहे."

वहिनी तशीच उष्ट्या हाताने मागच्या दाराने बागेत गेली. आम्ही तिघं तिच्या मागे, वरातीसारखे. ती वाफ्याशी बसली, एक शेंडा तोडला, धुतलासुद्धा नाही, खाल्ला. दुसऱ्या झाडाचा खाल्ला. तिसऱ्या.

मग मान वर करून तिने दादाला विचारलं, "इतके दिवस मी विचारत होते, तेव्हा ती आंबट होती का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वकिलीणबाईकडे. वकिलीणबाई टोमॅटोकडे.

"खरं सांगा हो."

"नव्हती," दादा म्हणाला. मातीशी बोलल्यासारखा.

"नव्हती?"

"पहिल्या दिवसापासून नव्हती. मला वाटलं, तुझ्याकडून काही राहिलं असेल. तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"आणि तू?" माझ्याकडे.

"मीही," मी म्हटलं. "तो चहा सांडला होता ना."

पोरीला तर विचारायचीही गरज पडली नाही. तिने आपणहूनच गुन्हा कबूल केला.

मला वाटलं आता खुरपं उचलते ही. मी दोन पावलं मागेही सरकले. पण वहिनी तिथेच मातीत बसून राहिली. तिचे डोळे भरले होते.

"माझी जीभ मला रोज सांगत होती की यात आंबट नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघं म्हणालात, आहे. मी जिभेला खोटं ठरवलं. तुम्ही कशाला खोटं बोलाल, असं मनातसुद्धा आलं नाही माझ्या."

ते ऐकून मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा तिच्याशेजारी खाली बसला, त्याच्या चांगल्या पँटसकट, आणि तिचा मातीचा हात हातात धरून राहिला.

जरा वेळाने वहिनीने डोळे पुसले, मातीच्याच हाताने, त्यामुळे गालावर पट्टा उमटला. तो सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. तिच्यातली चाखणारी बाई जागी झाली होती. "पण मग असं का?" ती म्हणाली. "रोप तेच, माती तीच. वन्सं, तू आज कधी खुडलीस?"

"सकाळी."

"आणि रोज?"

"कामावरून आल्यावर. संध्याकाळी."

ती उठली आणि घरात जाऊन कप घेऊन आली.

ती सगळी दुपार आमच्या मागच्या पायरीवर कारखाना भरला होता. दर थोड्या वेळाने एकाच झाडाचा शेंडा तोडायचा, कपात ठेवायचा, कोमट पाण्याने तोंड धुवायचं, चाखायचं. आम्हालाही सक्ती. वेळ जाईल तसा आंबटपणा उतरत गेला. दुपार कलेपर्यंत निम्मा झाला, संध्याकाळी तर त्याच झाडाचं पान गोडसर लागायला लागलं. रात्रभर ही बया आंबट साठवते आणि दिवसभर उन्हात खर्च करून टाकते, असं दिसलं. मी म्हटलं, अगदी दादाच्या पगारासारखं. कोणी हसलं नाही, अजून माझी शिक्षा संपली नव्हती. शेवटी पोरीने कप उलटेपालटे करून वहिनीला डोळे मिटून ओळखायला लावलं. तिने कुठला कधी खुडलाय ते एकही न चुकता सांगितलं. आम्हा तिघांना मिळून निम्मेही जमले नाहीत.

पण एवढं होऊनही ती उद्याबद्दल काही बोलली नाही. साहेबांकडे जाणार की नाही, विचारायचं कोणी? तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. जीभ आहे हे तिला कळलं होतं, पण धक्का बसला होता तो वेगळ्याच जागी, आमच्या शब्दावरच्या भरवशाला.

रात्री ती नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. सूप केलं, वाट्या भरल्या, आमच्यासमोर ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसली. स्वतःची वाटी तिने भरलीच नाही. कसं झालंय, हेही विचारलं नाही.

मी एक चमचा तोंडात घातला आणि माझे डोळे पांढरे झाले. मीठ! समुद्र परवडला. पोरीने घोट घेतला आणि मिठाची गुळणी धरल्यासारखी बसली, जी तिने खरोखरच धरली होती. एवढ्या रडारडीनंतर हिला आज कोण बोलणार? मी दुसरा चमचा भरायला लागले. देवाची शपथ, मी ते गिळणार होते.

दादाने चमचा खाली ठेवला. घसा खाकरला. कपाळावर घाम आला होता बिचाऱ्याच्या.

"अगं," तो म्हणाला, "हे खारट आहे."

वहिनी हलली नाही. "कितीसं?"

"फार. खाववत नाही." मग जरा थांबून, डोळे मिटून, एकदाचं सगळंच सांगून टाकल्यासारखा, "आणि तू ते कोबीचं करतेस ना, तेही मला कधीच आवडलेलं नाही."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण वहिनीच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले, आणि ती हसायला लागली. दिवसभर दाबून ठेवलेलं रडू आणि हसू दोन्ही एकदम बाहेर आलं. तिने आमच्या पुढ्यातल्या वाट्या उचलल्या, बेसिनमध्ये ओतल्या, आणि शेगडीवरच्या मागच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. तिथे खरं सूप होतं.

"मूठभर मीठ घातलं होतं मुद्दाम," नाक पुसत ती म्हणाली. "आज कोणी बोललं नसतं तर उद्या लेबलंच चिकटवणार होते मी."

तिने दादाची वाटी सगळ्यात आधी भरली आणि मला म्हणाली, "वन्सं, सकाळी निघताना मला उठव. कपांपाशी वेळेवर बसायचंय."